हातगुण

“चादर काढ, आधी ती चादर काढ!” अप्पा ओरडले.

वीणानं त्यांच्या पायावरची चादर दोन बोटांनी उचलली. उजव्या अंगठ्याचं मूळ लालभडक झालं होतं, कातडी ताणून चकाकत होती. तिनं हात लावला नाही. तळहात नुसता इंचभर वर धरला, तरी ऊब लागली. खोलीभर बामाचा वास होता.

“गरम पाण्यात बुडवलात पाय?”

“पहाटे. मग जरा रगडला. तू उठली नव्हतीस.” अप्पांनी उशी पाठीशी ओढली. “आता तू बस. गेल्या महिन्यात करत होतीस तसं कर. ओढून, वर-खाली. दहा मिनिटांत मोकळा होईल.”

“अप्पा, तेव्हा सूज नव्हती. सांधा नुसता आखडला होता. आता तो पेटलाय. आता चोळलं की वाढणार.”

“वाढायला काय झालंय? तुझ्या हाताला गुण आहे. सांगलीला फोन करून सगळ्यांना सांगितलंय मी. आमची सून हातानं गाउट काढते.”

वीणानं घड्याळ पाहिलं. सव्वाआठ झाले होते. साडेअकराला तिला क्वीन्सटाउनमधल्या एका नर्सिंग होममध्ये मुलाखतीला पोचायचं होतं. आधी दोनदा तिनं ती पुढे ढकलली होती. एकदा सासूबाईंच्या वर्षश्राद्धासाठी, एकदा अप्पांच्या मोतीबिंदूसाठी. तिथल्या मिसेस टॅन फोनवर फार शांतपणे म्हणाल्या होत्या, “ही शेवटची तारीख धरू या.”

पुण्यात फिजिओथेरपी शिकून सात वर्षं तिनं हॉस्पिटलात काम केलं होतं. मग नवऱ्याला, शैलेंद्रला, इथे परदेशात नोकरी मिळाली आणि ती त्याच्या पासवर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आली. पासवर ती अवलंबित होती, तसं त्यावर छापलेलंच होतं. चौदा वर्षांत चोआ चू कांगमधले तीन फ्लॅट बदलून झाले, पण तो शब्द काही बदलला नाही. अप्पा एकटे पडल्यावर इथे आले, तेव्हा गाउटच्या आधीच्या झटक्यांनी त्यांचा अंगठा लाकडासारखा झाला होता. सूज उतरलेली बघून वीणानं रोज पंधरा मिनिटं तो सांधा हळूहळू सोडवला, घोटाही सोडवला. दोन महिन्यांत अप्पा खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीपर्यंत चालत जाऊन चहा पिऊन यायला लागले. चौदा वर्षांत तिच्या हातांना मिळालेला तो एकच पेशंट. तिलाही बरं वाटलं होतं, हे खरं.

वेदनाशामक शोधायला तिनं त्यांचा खण उघडला. दाढीच्या सामानामागे युरिक ॲसिडच्या गोळ्यांची पाकिटं होती. एकही फोडलेलं नव्हतं.

“अप्पा, हे काय?”

“कशाला घ्यायच्या? तू बरं केलंस की.”

ती पलंगाच्या कडेला बसली. हातांनी सांधा सैल होतो, चाल सुधारते. रक्तातलं युरिक ॲसिड हातांना कळतसुद्धा नाही. हे तिनं त्यांना एकदाही स्पष्ट सांगितलं नव्हतं. ते कौतुक करत होते आणि ती ऐकत होती.

तिनं शैलेंद्रला फोन लावला. त्यानं चौथ्या रिंगला उचलला.

“मीटिंगमध्ये आहे. बोल.”

“अप्पांचा पाय सुजलाय. गोळ्या बंद केल्यात त्यांनी. तासाभरासाठी तरी येशील?”

“आज? वीणा, आज सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. तू दहा मिनिटं चोळून दे ना त्यांना. मनाचं समाधान.”

“समाधानासाठी पेटलेला सांधा चोळू?”

“मग इंटरव्ह्यू पुढे ढकल. नर्सिंग होम काय पळून चाललंय?”

तिनं फोन ठेवला. अप्पांनी सगळं ऐकलं होतं.

“जा तू,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “घरच्या म्हाताऱ्याच्या पायाला हात लावायचा नाही, आणि परक्या म्हाताऱ्यांचे पाय चेपायला नटून जायचं. जा.”

“अप्पा, शर्ट घाला. खाली डॉक्टरकडे जायचंय.”

चौदाव्या मजल्यावरून खाली, मग पुढच्या ब्लॉकच्या तळमजल्यावरचं क्लिनिक. एरवी पाच मिनिटांची वाट. छत्रीची काठी करून, तिच्या खांद्यावर भार टाकत, अप्पांना वीस मिनिटं लागली. नंबर येईपर्यंत दहा वाजले.

डॉक्टर तिशीची होती. तिनं पाय पाहिला, बामाचा वास घेतला आणि इंग्रजीत विचारलं, “अंकल, गोळ्या कधी बंद केल्या?”

“माय डॉटर-इन-लॉ डझ ट्रीटमेंट,” अप्पा म्हणाले.

डॉक्टरनं वीणाकडे मान वळवली. “आँटी, सुजलेल्या सांध्याला मसाज करायचा नसतो हां. यूट्यूबवर बघून केलंत का?”

वीणानं अप्पांकडे पाहिलं. पहाटे रगडणारा हात मांडीवर पालथा पडला होता. ते टेबलावरच्या पायाच्या प्लास्टिकच्या सांगाड्याकडे निरखून बघत होते.

“नाही करणार,” वीणा म्हणाली.

कोल्चिसिनच्या गोळ्या, बर्फ, पाय उंच, डॉक्टरनं सांगितलं. आणि आज यांना एकटं ठेवू नका, बाथरूमला जाताना पडतील. बाहेर आल्यावर तिनं घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. अप्पांना घरी नेऊन निजवायला अर्धा तास, आणि त्यानंतर घरात कुणीच नाही. समोर टॅक्सी रिकामी होत होती. तिनं हात केला.

“कुठे?” अप्पांनी विचारलं.

“क्वीन्सटाउन. तुम्ही माझ्याबरोबर चला.”

वाटेत वीणानं पर्समधली फाइल काढून आपली प्रमाणपत्रं एकदा क्रमानं लावली. टॅक्सी पोर्चमध्ये थांबली तशी जांभळ्या गणवेशातली एक बाई न विचारताच चाकाची खुर्ची घेऊन धावत आली. “कम, अंकल, कम,” म्हणत तिनं अप्पांना काखेत धरून सफाईनं खुर्चीत बसवलं, पायाखालची पट्टी उचलून दिली. आत मोठ्या खोलीत पंधरा-वीस म्हातारी माणसं टीव्हीकडे तोंड करून ओळीत बसली होती. तिनं खुर्ची त्या ओळीच्या टोकाला नेऊन लावली आणि ब्रेक दाबला.

“वीणा,” अप्पांनी तिचं मनगट पकडलं. “शैलेंद्रला माहीत आहे ना?”

“सांगते त्याला,” ती म्हणाली. अकरा अठ्ठावीस झाले होते. तिनं मनगट हळूच सोडवलं.

मिसेस टॅन साठीच्या होत्या, बोलायला मऊ. त्यांनी फाइल शेवटपर्यंत वाचली. जागा मदतनिसाची आहे, म्हणाल्या. निर्णय रजिस्टर्ड थेरपिस्ट घेणार, तुम्ही फक्त सांगितलेलं करायचं. तुमच्या शिक्षणाला हे कमी आहे, चालेल?

“चालेल.”

“कामाच्या पासचं आम्हाला बघावं लागेल. मिळेलच असं नाही.”

“हो.”

“घरी सांभाळायला कुणी आहे? आमच्या शिफ्टच्या वेळा कडक असतात.”

वीणा उत्तर द्यायला गेली आणि तेव्हा तिला अप्पांच्या प्रश्नाचा अर्थ लागला. मुलाखतीबद्दल ते विचारत नव्हते, आपल्याला इथेच ठेवणार का, हे विचारत होते. मुलाखतीचं शैलेंद्रला माहीत होतं, हे त्यांनी सकाळीच ऐकलं होतं. मनगटावर त्यांची बोटं जिथे रुतली होती ती जागा तिला अजून जाणवत होती. दार सहा पावलांवर होतं. एका मिनिटात जाऊन सांगून परत येता आलं असतं.

“सासरे आहेत,” ती म्हणाली. “त्यांची सोय मी करीन.”

आणखी वीस मिनिटं ती बसली. पक्षाघातानंतर खांदा कसा हाताळायचा, सुजलेल्या सांध्याला केव्हा हात लावायचा नाही, सगळं तिनं नीट, न अडखळता सांगितलं. मिसेस टॅननी दोनदा मान डोलावली. पंधरा दिवसांत कळवू, म्हणाल्या.

बाहेर जेवणाची वेळ झाली होती. अप्पा ओळीतच होते. कुणीतरी त्यांच्या गळ्यात निळं लाळेरं बांधलं होतं आणि मांडीवरच्या ट्रेमध्ये भाताची पेज ठेवली होती. ते नको म्हणाले नसावेत. अर्धी पेज संपली होती. एक थेंब हनुवटीवर वाळला होता. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं ज्यांच्यापुढे ठेकेदार उभे राहिले, ते अप्पा टीव्हीवरच्या चिनी बातम्यांकडे सरळ बघत होते.

“अप्पा.”

त्यांनी मान वळवली नाही. “गोळ्या घेईन मी,” ते म्हणाले. “रोज घेईन. तू सांगशील तशा.”

वीणानं ट्रे उचलून बाजूला ठेवला. पदार्थाला नावं ठेवणारे, चहात साखर कमी पडली तर कप सरकवणारे हे गृहस्थ. त्यांना सांगायचं ते एकाच वाक्याचं होतं, आणि ते अर्ध्या तासापूर्वीचं होतं.

ती त्यांच्या मागे गेली. लाळेऱ्याच्या बंदांची गाठ घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागत होता. अप्पांनी तिला सोयीचं व्हावं म्हणून मान पुढे वाकवली, आणि गाठ सुटल्यावरही ती तशीच ठेवली.