चिलमीचे दोन तुकडे

बाजारचौकातलं वाहनतळ उखडलं, तेव्हाच पुरातत्त्ववाल्या मॉरीन थॅक्रेने छातीठोकपणे सांगितलं होतं, की खाली सातशे वर्षांपूर्वीचा चामडं कमावायचा खड्डा आहे. तो तेवढा जुना ठरला तर खोदायला आणखी तीन आठवडे मिळणार होते. नाही ठरला तर सोमवारी बिल्डर त्यात काँक्रीट ओतून मोकळा.

आणि शनिवारी दुपारी, खड्ड्याच्या अगदी तळाशी, तिच्या थापीला पांढरं काहीतरी लागलं. मातीच्या चिलमीची नळी, बोटाच्या पेराएवढी. आता तंबाखू या देशात आला तो त्यानंतर तीनेकशे वर्षांनी! म्हणजे खड्डा तेवढा जुना नसणार. आसपास कुणी नव्हतं, कोटाला खिसाही होता. पण बाई हाडाची खोदणारी. तिने निमूटपणे जागा मोजली, वहीत टिपली आणि तुकडा सुपात ठेवला.

चहा घेऊन कॉलिन आला. हा निवृत्त पोस्टमन, दर शनिवारी हौसेने खोदायला येणारा. सुपात बघून त्याचा चेहराच उतरला. त्याने खिशातून तसलाच एक तुकडा काढला. सकाळीच मिळाला होता म्हणे, पण मॉरीनचं काम बुडू नये म्हणून त्याने दडवला. काय बोलावं या माणसाला!

मॉरीन रागाने लाल झाली. पण हात कुठे गप्प बसतात? तिने दोन तुकडे जोडून पाहिले. अगदी चपखल बसले. एकच चिलीम! मग ती मुळात पडली कुठे, वर की तळाशी?

"उंदीर," ती पुटपुटली. "तुझा तुकडा वर, भुसभुशीत मातीत होता का? मग हा बिळातून खाली आलाय आणि खड्डा जुनाच आहे. आणि तुझाही तळातच होता, तर संपलं सगळं. कुठे मिळाला तुला?"

कॉलिनने खड्ड्याकडे पाहिलं. तुकडा मिळाला ती बाजू त्याने दुपारपर्यंत पार खरवडून काढली होती, खूणही उरली नव्हती.

"वरच असेल गं. वर लिही ना."

"आठवतंय का तुला?"

कॉलिनने नकारार्थी मान हलवली. मॉरीनने वहीत लिहिलं, जागा माहीत नाही.

सोमवारी काँक्रीटचा ट्रक आला, तेव्हा दोघं फाटकाशी उभे होते. ओतायला सुरुवात झाली तरी मॉरीनचं चालूच होतं, "तुकडा मिळाला तेव्हा ऊन कुठल्या गालावर होतं? आठव ना, कॉलिन."