एकोणचाळीस नंबर

"पाडा ना दार! आत आलाय तो, डेल्बर्ट, पाडा!" रेडिओवर जनावरांची डॉक्टर नोरा कुजबुजली.

डेल्बर्टचा अंगठा बटणावरच होता. नदीत तरंगणाऱ्या पिंजऱ्याच्या फळ्यांवर भलाथोरला समुद्रसिंह अंग टाकून पडला होता. त्याच्या पाठीवरचा एकोणचाळीसचा आकडा नऊ वर्षांपूर्वी डेल्बर्टनेच डागला होता. तेव्हापासून दर वसंतात त्याला हाकलायचं, हेच डेल्बर्टचं काम. धरणाच्या भिंतीशी वर चढायची वाट शोधत घुटमळणारे सॅमन मासे तो गट्ट करायचा. बंदुकीचे बार काढले की पळायचा, अर्ध्या तासात परत हजर. यंदा त्याचा नंबर सरकारच्या मारायच्या यादीत होता.

"दार अडकलंय," डेल्बर्ट म्हणाला. होडी जवळ जाताच जनावर पाण्यात सरकलं.

दार काही अडकलं नव्हतं. असं तिसऱ्यांदा झालं होतं.

संध्याकाळी तो थेल्मामावशीकडे गेला. रविवारी वस्तीत हंगामातल्या पहिल्या सॅमनचं जेवण होतं. ऐंशी वर्षांची मावशी लहानपणापासून त्या जेवणाचा मासा चिरत आली होती. ओट्यावर सुरी धुऊन ठेवलेली, बाजूची परात रिकामी.

"पोरांनी चार दिवस जाळी धरली. एक मासा नाही," ती म्हणाली. "पलीकडच्या नदीकाठच्या जाऊबाई म्हणाल्या, आमच्या नदीचा पाठवते. मी हो म्हटलं. काय करणार?"

डेल्बर्ट खाली मान घालून म्हणाला, "मावशी, तीनदा तो पिंजऱ्यात आला. मी दार पाडलं नाही."

"का रे?"

"म्हातारा झालाय गं. शिकारीला नाही, झोपायला येतो तिथे."

"मीही म्हातारी झालेय की. मला कोण सूट देतंय?" ती हसली, पण हसू टिकलं नाही. "त्याचा एकट्याचा दोष नाही, डेल. ती धरणाची भिंत त्याने नाही बांधली. पण मासा संपला तर त्याची पोरंही उपाशी आणि आपलीही. तुला जमत नसेल तर सांग त्यांना. खोटं नको बोलूस."

शुक्रवारी सकाळी समुद्रसिंह पुन्हा फळ्यांवर चढला. त्याने जांभई दिली, मान टेकवली, डोळे मिटले. डेल्बर्टने बटण दाबलं.

दार आदळलं तसा तो धडपडून उठला, एकदाच ओरडला. नोरा सुई भरू लागली.

"तुम्ही जा हवं तर," ती हळूच म्हणाली. "यासाठी थांबायची गरज नाही."

"थांबतो."

तो गजांपाशी गुडघ्यांवर बसला. जनावराच्या श्वासाला माशाचा वास होता. नोराने सुई टोचली, मग श्वास लांब लांब होत गेला. नोराने छातीवर हात ठेवून पाहिलं आणि घड्याळाकडे बघितलं. डेल्बर्टने टोपी काढली होती, ती घालायचं त्याला बराच वेळ सुचलं नाही.

रविवारी दुसऱ्या नदीचा मासा मावशीनेच चिरला. रीतीप्रमाणे आधी सगळ्यांच्या पेल्यांत पाणी आलं. मावशीने त्याच्याकडे पाहिलं.

"शेवटी त्याच्याजवळ कोणी होतं?"

"मी होतो."

तिने मान हलवली आणि पेला उचलला. सगळे प्यायले. डेल्बर्टने घोट घेतला. त्याचा पेला रिकामा होईपर्यंत मावशी मासा न वाढता थांबून राहिली.