एक नमुना

“ताई, याला काय सही म्हणायची?” तपासणीला आलेल्या बाईंनी कागद पुढे सरकवला. संमतीपत्रावर ‘नमुना देणाऱ्याची सही’ असं छापलेलं, आणि त्यापुढे ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: ‘एक नमुना’.

फ्रीझरवाल्या ताईंना हसू आलं. इस्पितळात संशोधनासाठी ठेवलेल्या रक्ताच्या नि गाठींच्या कुप्या तेवीस वर्षं त्याच सांभाळत होत्या. आणि हे अक्षर त्यांच्या नवऱ्याचं! ‘काय नमुना आहे!’ असं घरीदारी ऐकून घेणारा माणूस; ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही थट्टा सुचली त्याला. घरचाच कागद म्हणून ताईंनीही तो न वाचता फायलीला लावला होता.

त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. ना दारू, ना तंबाखू. असल्या माणसाच्या यकृतात गाठ आली कुठून, हे एकाही डॉक्टरला सांगता आलं नव्हतं. पुढच्या महिन्यात अशाच गाठींवर संशोधन सुरू होणार होतं, त्यात त्याच्या गाठीची कुपीही जाणार होती. ताई एकेक दिवस मोजत होत्या.

“आता देशभर एकच नियम झालाय,” बाई म्हणाल्या. “देणाऱ्याची स्वतःची सही हवी, नाहीतर कुपी नष्ट करायची. बोलावून घेता येईल त्यांना?”

“आता कुठले यायला! नवरा माझा तो. मी केली सही तर?”

“नातेवाइकांची नाही हो चालत.” बाई घुटमळल्या. “मी जरा चहा घेऊन येते.” कागद तिथेच ठेवून त्या गेल्या.

ताईंनी पेन उचललं. त्याची सही त्यांना झोपेतही आली असती. लेकीच्या प्रगतिपुस्तकावर कितीदा तरी त्यांनीच ठोकून दिली होती. पण इथे येणाऱ्या प्रत्येकाला त्या बजावत आल्या होत्या, “तुमच्या अंगातलं आहे, सही तुमचीच हवी.” जीव तुटत होता अगदी. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

बाई परतल्या तेव्हा कुपी नष्ट करायच्या डब्यात होती.

“कारण काय लिहू?”

“सही धड केली नाही, असं लिहा. एक काम सरळ करेल तर शपथ!”

झाकण लावताना मात्र ताईंचा हात थांबला. कुपीवरचं बर्फ वितळून चिठ्ठीवरचा नंबर दिसू लागला होता. तो त्यांनी एकदा मोठ्यानं वाचला आणि झाकण लावलं.