दीपगृहाचं चित्र कुठे आहे?

पहिली चिठ्ठी उघडायच्या आतच पोरं धावत सुटली आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक थेट खडूच्या खोक्याकडे, दुसरी नकाशामागे, तिसऱ्याचा हात कोपरापर्यंत कचऱ्याच्या डब्यात. वाचतंय कोण! गावच्या प्रसिद्ध दीपगृहावर बाईंनी आठवडाभर खपून कोडी लिहिली होती, एका चिठ्ठीतून दुसरीचा पत्ता लागावा अशी. सगळ्या चिठ्ठ्या आणि शेवटच्या जागी लपवलेलं दीपगृहाचं चित्र बघता बघता टेबलावर जमा झालं. तपासणीला आलेल्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खुर्चीत मुख्याध्यापक फुगून बसले होते.

"जागा कुणी सांगितल्या रे?" बाईंनी विचारलं.

"सरांनी! सकाळी तालीम घेतली ना!"

जागा बाईंनी फक्त मुख्याध्यापकांनाच दाखवल्या होत्या, परवानगीपुरत्या. आणि पहिली चिठ्ठी जिने वाचायची, ती पोर मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेली. बोलताना अडखळते म्हणून वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली. मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ती बाईंपाशी वाचायला यायची. कालच म्हणाली होती, "बाई, मी वाचणार हं!"

"तू का नाही गं उठलीस?"

"स... सर म्हणाले, जागची उठू नकोस."

"उगाच पाहुण्यांपुढे शोभा कशाला?" मुख्याध्यापक हसत उठले. "चला मॅडम, चहा तयार आहे." आणि दाराकडे निघालेसुद्धा.

शोभा! बाईंना त्या हसण्याचा इतका राग आला की त्यांनी टेबलावर हात आपटला.

"पाठ संपलेला नाही, सर! पोरांनो, भिंतीकडे तोंडं करा!"

त्यांनी भराभर नवी चिठ्ठी लिहिली, टेबलावरचं दीपगृहाचं चित्र उचललं आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीवरच्या गादीखाली सरकवलं. मॅडमनी ते पाहिलं; दारात पाठमोऱ्या उभ्या मुख्याध्यापकांनी नाही. "चहा काही पळून जात नाही," म्हणत त्या परत टेकल्या. दारातून मागे फिरलेले मुख्याध्यापकही झक मारत आपल्या खुर्चीत आदळले.

"आता वळा, चित्र शोधायचं," म्हणत बाईंनी चिठ्ठी त्या पोरीच्या हातात दिली.

"दी... दी..."

कुणीतरी फिसकन हसलं.

"दात काढाल तर याद राखा!" बाई कडाडल्या. पोरीने तळहात फ्रॉकला पुसले आणि पुन्हा सुरुवात केली.

"दीपगृह ल... लांबवर उजेड टाकतं, पण स्वतः जागचं ह... हलत नाही. सगळे धावत होते तेव्हा खु... खुर्चीला कोण चिकटून होतं?"

पोरं इकडेतिकडे बघायला लागली. मॅडम आपणहून उठल्या. त्यांच्या खुर्चीवर काहीच नव्हतं. पोर बाकांमधून चालत पुढे आली आणि मुख्याध्यापकांसमोर उभी राहिली.

"स... सर, उठा."

मुख्याध्यापकांनी बाईंकडे डोळे वटारून पाहिलं. बाईंनीही नजर हटवली नाही. आणि पोर, काही केल्या, बाजूला होईना.

"उ... उठा ना, सर."

मुख्याध्यापक उठले.