भिंतीवरचा कोरीव डाव

मित्रांनो, मी एक जुना लाकडी डाव आहे. जन्मलो ढवळण्यासाठी आणि वाळलो भिंतीवर. त्याचा राग अजून गेलेला नाही.

धाकट्या बहिणीने नवं घर मांडलं म्हणून एका सुताराने मला घडवलं. आठ दिवस तो कामावरून आला की मला गुडघ्यांत धरून कोरत बसे. आधी दांडीवर पेन्सिलीने वेल काढली. मग भोवतालचं लाकूड बारीक पटाशीने इतकं खाली नेलं, की पानं तांदळाच्या दाण्याएवढी वर उठून आली. एका पानाचं टोक तुटलं, तर त्याने तिथे अळीने खाल्ल्यासारखी खाच पाडली आणि स्वतःशीच हसला.

बहीण हरखून गेली. "दादा, हा काय भाजीत घालायचा? खराब होईल ना!" तिने मला खिळ्याला टांगलं.

"अगं, ढवळायलाच केलाय मी!" पण ऐकेल ती बहीण कसली!

शेवटी त्याने तिला एक साधा, बिननक्षीचा डाव करून दिला. तो रोज तेलात न्हायचा. काळाभोर, गुळगुळीत झाला. माझ्या वाट्याला पाहुण्यांचं "वा!" आणि पानांच्या कडांत साचलेली धूळ. नावाचा डाव, आणि मलाच डावललं! तीस वर्षं मी फोडणीचा नुसता वास घेतला.

एके दिवशी साध्या डावाची दांडी मोडली. बहिणीच्या सुनेने घाईघाईत मला ओढलं.

"अगं, तो नको!" सासू ओरडली.

"मग काय बोटाने ढवळू, आई? खाली लागतंय!"

मी उकळत्या रश्श्यात उतरलो. दोन वळसे काय ते सुखाचे! तेवढ्यात कट्ट आवाज झाला आणि मला वाटीपासून दांडीपर्यंत तडा गेला.

म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. त्याने मला खिडकीच्या उजेडात धरलं. "वापरला असतास तर तेल पिऊन नातवंडांना पुरला असता. जपून जपून वाळवलास गं याला."

बहीण बोटाने माझ्या पानांतली धूळ काढत राहिली.

आता मी पिठाच्या डब्यात असतो. ओलं काही झेपत नाही.

मित्रांनो, कुणी तुमच्यासाठी राबून काही घडवलं, तर ते वापरा. धुऊन लगेच पुसा, अधूनमधून तेल चोळा. झिजण्याची आम्हाला भीती नसते हो!