मी बंब बोलतोय, आंघोळीचा नव्हे

मित्रांनो, मी एक जुना बंब आहे. आंघोळीचा नव्हे, आगीचा. हा खुलासा पहिल्याच ओळीत करावा लागतो, त्याला कारण आहे. तेच सांगायला बसलोय. बसलोय म्हणजे उभाच आहे, अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगणात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मोठ्या बंबांचा पत्रा उरला होता, त्यातून मला केलं, असं तिथले लोक म्हणत. अंगाने मी जीपएवढा. तरुणपणी त्याचं वाईट वाटायचं. पण पुण्यात येऊन कसबा पेठ पाहिली आणि माझ्या जन्माचा हेतू कळला. तिथे मोठे बंब गल्लीच्या तोंडाशी थांबून नुसता भोंगा वाजवतात. मी आत जातो. एकदा मला बाहेर काढायला एका घराची पायरी फोडावी लागली. पायरीने तक्रार केली नाही. घरमालकीण अजून करते.

माझे चालक रज्जाकभाई. एकोणीस वर्षं मला त्यांनीच चालवलं. दसऱ्याला झेंडूची माळही तेच घालत. त्यांची थोरली बहीण शकीलाआपा कसब्यातल्या एका बोळात, संभाजी तांबटांच्या दुकानाच्या वर राहतात आणि शिवणकाम करतात. गुडघे असे, की जिना उतरायला पाव तास. “आपाच्या बोळात फक्त हाच शिरतो,” असं रज्जाकभाई माझ्या दारावर थाप मारून सांगत. कुणाला पदकं मिळतात, मला ती थाप मिळायची.

दोन वर्षांपूर्वी माझा पंप बिघडला. टाकी भरलेली असते, पण बाहेर यायचं की नाही याचा पाणी फार विचार करतं.

यंदा केंद्रप्रमुख कल्याणी मॅडम येत्या वर्षाचे प्राधान्यक्रम लिहायला बसल्या. उंच इमारतींसाठी शिडी, सोसायट्यांमध्ये सराव, नवे गमबूट. आणि सगळ्यात वर मी. मॅडम माझा नंबर लिहिणार, तेवढ्यात रज्जाकभाई म्हणाले, “नंबर कशाला, मॅडम? बंब लिहा. अख्खा कसबा त्याला बंबच म्हणतो.” मॅडमनी हसून लिहिलं: ‘प्राधान्य क्रमांक एक: जुन्या बंबाची तातडीने दुरुस्ती.’ त्या दिवशी इंजिन बंद असूनही मी थोडा थरथरलो.

कागद भांडार सांभाळणाऱ्या दशरथकडे गेला. दशरथ माणूस वाईट नाही. फक्त त्याच्या नोंदवहीत मी ‘लघु अग्निशमन वाहन’ आहे. ‘बंब’ या नावाची तिथे एकच वस्तू आहे: न्हाणीघरामागचा, पाणी तापवायचा तांब्याचा बंब. तोही जुनाच.

सोमवारी संभाजी तांबट आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. न्हाणीघरामागच्या बंबाची तोटी बदलली, गळक्या बुडाला डाग दिला आणि चिंचेने घासून त्याला असा चमकवला, की माझा गंज मला त्याच्या पोटात दिसू लागला.

मी म्हटलं, रज्जाकभाई येतील, बोलतील. ते आले. एका गोदामाची आग विझवून काळेठिक्कर झाले होते. त्यांनी कढत पाण्याने आंघोळ केली. दशरथने अभिप्रायाचा कागद पुढे केला. वर ठळक अक्षरांत ‘प्राधान्य क्रमांक एक’. ते वाचून रज्जाकभाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चूक सांगितली असती, तर कागदाचा प्रवास पहिल्यापासून सुरू झाला असता.

“जाऊ दे,” ते हळूच म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू.” आणि लिहिलं: ‘काम उत्तम. पाणी लगेच तापते.’

मॅडमनी विश्वासाने शेरा मारला: पूर्ण.

तीन आठवड्यांनी सकाळी अकरा वाजता संभाजींच्या दुकानात भट्टीची ठिणगी गोणपाटांवर पडली. धूर थेट आपांच्या जिन्यात. मी बोळात शिरलो, कुठेही न घासता. रज्जाकभाईंनी पाणी सोडलं. पाइप फुगला, खोकला, आणि त्यातून चहाच्या कपाएवढं पाणी आलं. त्यांनी माझ्या दारावर हात आपटला. ही ती थाप नव्हती.

रज्जाकभाई धुरात शिरले आणि आपांना पाठीवर घेऊन खाली आले. आग विझवली कुणी, माहीत आहे? दुकानाबाहेर संभाजींनी आंघोळीचे अकरा बंब ओळीने मांडले होते. गळतात का ते पाहायला काठोकाठ भरून. जवानांनी आणि शेजाऱ्यांनी ते उचलून ओतले. नवव्या बंबाला आग विझली. उरलेले दोन समाधानासाठी ओतले.

आपा पायरीवर बसून खूप वेळ खोकल्या. मग म्हणाल्या, “रज्जाक, तुमच्या न्हाणीतला बंब फार छान झालाय म्हणे. संभाजी सांगत होते.”

रज्जाकभाई माझा पाइप गुंडाळू लागले.

दुसऱ्या दिवशी दशरथने अहवालासाठी विचारलं, आग कशाने विझली? रज्जाकभाईंनी पुष्कळ विचार केला, पण खरं उत्तर एकच होतं.

“बंबाने.”

दशरथने लिहिलं: ‘आग बंबाच्या साहाय्याने विझवली. दुरुस्ती यशस्वी.’ त्यामुळे पुढच्या वर्षीच्या यादीत मी नाही.

तेव्हापासून रज्जाकभाई गार पाण्याने आंघोळ करतात. मला त्याचा काही उपयोग नाही.

मित्रांनो, एवढीच विनंती. लाडाचं नाव हाक मारायला ठेवा, कागदावर नंबर लिहा. माझा नंबर दारावर आहे. रज्जाकभाई थाप मारायचे, त्याच्या जरा खाली.