दुसऱ्या खेपेची बाई

आमच्या देवळात पहिल्यांदा आलेला माणूस मी लांबूनच ओळखते. तो वर बघत चालतो. छपरावरचे ड्रॅगन बघतो, खांबांना विळखा घातलेले ड्रॅगन बघतो आणि त्या नादात डावीकडच्या वाघाच्या दारातून आत घुसतो. ते दार बाहेर पडायचं. त्यातून आत शिरणं म्हणजे आपल्या पायांनी वाघाच्या तोंडात जाणं. मग मला टपरीवरून ओरडावं लागतं, "अहो, उजवीकडून या. ड्रॅगनच्या दारातून." घसा माझा बसतो आणि पुण्य देवळाच्या खात्यात जातं.

दुसऱ्यांदा आलेला माणूस वर बघत नाही. तो आधी माझ्याकडे थांबतो, उदबत्त्या घेतो आणि लाल कासवं घेतो. कासवं म्हणजे तांदळाच्या पिठाची, आत गोड सारण, पाठीवर नक्षी. नवस फेडायला तीच लागतात. तैपेईत मोठी हॉस्पिटलं आहेत म्हणून सगळीकडचे आजारी इथे येतात, आणि आमचा देव वैद्य आहे म्हणून त्यांच्या घरचे इथे येतात. पहिल्या खेपेला नवस बोलायचा, दुसऱ्या खेपेला फेडायचा. ज्याचं माणूस वाचलं नाही त्याच्यावर कसलं बंधन नसतं, आणि असा माणूस या शहरात पुन्हा पाऊलही ठेवत नाही. इतक्या वर्षांत मी तरी पाहिला नव्हता.

म्हणून पेई-शान दुसऱ्यांदा आली तेव्हा मला वाटायचं तेच वाटलं.

वसंतात ती पहिल्यांदा आली होती ती हॉस्पिटलातल्या स्लिपर घालूनच. पेंगहू बेटावरची, मासे सुकवणाऱ्या घरातली सून. मोठ्या मुलाच्या हृदयात दोष होता आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. अर्थातच वाघाच्या दारातून शिरत होती. मी तिला हाताला धरून फिरवलं, उदबत्त्या पेटवून दिल्या. मुलगा वाचला तर जन्मभर मांसमासळीला शिवणार नाही, असा नवस ती माझ्यासमोर बोलली होती. समुद्रावरच्या बाईने असलं काही बोलणं सोपं नाही, म्हणून ती माझ्या लक्षात राहिली.

आणि आता पानगळीच्या दिवसांत ती पुन्हा समोर. वाळली होती, पण वर न बघता सरळ उजव्या दाराकडे निघाली होती.

"अगं, पेंगहूची ना तू?" मी टपरीतूनच हाक मारली. "आलीस का नवस फेडायला? बाई बाई, किती बरं वाटलं. कुओसाहेब, ऐकलंत का, त्या हृदयाच्या पोराची आई आली हो."

उचलली जीभ लावली टाळ्याला. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मी सगळ्यात मोठं कासव उचलून तिच्या हातात ठेवलं. रांगेतल्या दोन बायका धावत आल्या. नवस फळलेल्या बाईच्या बाहीला हात लावला की आपलंही काम होतं, असं आमच्याकडे मानतात. एकीच्या नवऱ्याला यकृताचं दुखणं होतं, दुसरीच्या आईला काय होतं कोण जाणे. पेई-शान हात पुढे करून उभी राहिली आणि तिने दोघींना बाहीला हात लावू दिला.

त्या गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मावशी, तो गेला."

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मी तिला टपरीच्या मागे स्टुलावर बसवलं, चहा दिला. ती रडली नाही. शाळेत पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसं तिने सगळं सांगितलं. ऑपरेशन छान झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली. हॉस्पिटलच्या तळघरात खाण्याचे गाळे आहेत, तिथे ती रांगेत उभी राहिली आणि रोजच्या सवयीने बोलून गेली, एक वाडगा द्या. डुकराच्या मांसाचा रस्सा घातलेला भात. आमच्याकडे कुणी त्याचं नाव घेऊन मागत नाही, वाडगा म्हटलं की तोच येतो. अर्धा संपल्यावर तिला नवस आठवला.

"मग?"

"मग मी उरलेलाही खाल्ला, मावशी. भूक होती. म्हटलं, उद्यापासून पाळू." तिने कप खाली ठेवला. "दोन दिवसांनी त्याला ताप भरला. जंतुसंसर्ग, म्हणाले. आठवडाभरात गेला."

"आणि हे तू घरी सांगितलंस?"

"सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, देव ज्या हाताने देतो त्याच हाताने काढून घेतो. वाडगाभर भातासाठी पोर विकलंस."

"जीभ झडो तिची," मी म्हणाले. म्हाताऱ्या माणसाविषयी असं बोलू नये, पण मीही म्हातारीच आहे, मला चालतं. "आणि नवरा काय म्हणाला?"

"तो काहीच म्हणत नाही. माझ्या ताटाकडे बघतो फक्त."

नवस कधी सुरू होतो हे मला ठाऊक नाही होय? पोर बरं होऊन घरी जातं, माणूस इथे येऊन कासवं चढवतो, तेव्हापासून नवस पाळायचा. असं कितीतरी जणांना मी सांगितलं आहे. तिलाही सांगितलं. शिवाय आमचा देव वैद्य. वैद्य रोग्याची नाडी बघतो का त्याच्या आईचं ताट? ती मान हलवत राहिली, पण एक शब्दही तिच्या आत गेला नाही.

"मला तुमच्याकडून नको, त्याच्याकडून ऐकायचंय," ती म्हणाली. "म्हणून आलेय. कौल लावायचाय. माझ्यामुळे गेला का, एवढंच विचारायचंय."

"आणि हो म्हणाला तर?"

"तर मी घरी जाणार नाही. दक्षिणेत एका मठात स्वयंपाकाला बाई हवी आहे, मी बोलून ठेवलंय. हान-हानला सासूबाई सांभाळतील."

हान-हान म्हणजे तिची धाकटी, सहा वर्षांची. पेई-शान म्हणाली, तिला साधी सर्दी झाली तरी मला धडकी भरते, मी भरवलेला घास तिला बाधेल असं वाटतं. आपल्या हाताला आता पोर लागता कामा नये, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. देवाची फक्त सही राहिली होती.

"त्या पोरीने काय घोडं मारलंय?" माझा पारा चढला. "भाऊ गेला तो गेला, आता आईही जायची. चोर सोडून संन्याशाला फाशी."

एवढ्यात कुओसाहेब आले. हे आमचे कौलाचा अर्थ सांगणारे. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून पिवळं जाकीट घालून देवळात उभे असतात आणि पोस्टातल्यासारखेच नियमाला धरून चालतात. कौलाच्या बाबतीत सख्ख्या भावालाही त्यांनी कधी सूट दिली नाही. त्यांनी उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं.

"देवाला विचारायचा हक्क सगळ्यांना आहे," ते म्हणाले. "तू मध्ये पडू नकोस, श्यू-लुआन."

"मध्ये पडू नको म्हणजे? असला प्रश्न कुणी विचारतं का?"

"प्रश्न तिचा आहे. तुझं काम उदबत्त्या विकायचं."

"आणि तुमचं काम शिक्के मारायचं."

पेई-शान आमच्याकडे लक्ष न देता उठली. मी तिच्या मागे गेले. जाता जाता म्हटलं, निदान प्रश्न तरी बदल, पोरगा सुखात आहे का एवढं विचार. ती थांबली आणि म्हणाली, "नाही म्हणाला तर?"

आमचा कौल लाकडी चंद्रकोरींचा. जोडी असते, प्रत्येक कोर एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. जमिनीवर टाकायच्या. एक सपाट वर, एक फुगीर वर, म्हणजे हो. दोन्ही फुगीर वर, म्हणजे नाही. दोन्ही सपाट वर, म्हणजे देव हसतोय, तुझ्या प्रश्नातच अर्थ नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नाला लागोपाठ तीनदा हो यावं लागतं, तेव्हाच ते खरं धरतात. मी मनात म्हटलं, तीनदा कुठलं येतंय, दुपारपर्यंत पोरगी विमानात बसेल.

तिने गुडघे टेकले. नाव सांगितलं, गाव सांगितलं, मुलाचं नाव सांगितलं. मग मोठ्याने विचारलं, "माझ्यामुळे गेला का?" आणि कोरी टाकल्या.

हो.

कुओसाहेबांनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली. तिने पुन्हा टाकल्या. पुन्हा हो. यकृतवाल्या नवऱ्याची बायको खांबाआडून बघत होती, ती तोंडावर हात ठेवून मागे सरकली. मी देवाकडे पाहिलं. काळा चेहरा, लांब दाढी, माझ्या लग्नाच्या आधीपासूनची ओळख. त्याने माझा संधिवात सोसण्यापुरता ठेवला, माझ्या बहिणीचा डोळा वाचवला. म्हटलं, बाबा, आता पुरे कर.

तिने तिसऱ्यांदा टाकल्या. एक कोर तिच्या पुढ्यातच पडली, सपाट बाजू वर. दुसरी फरशीवर आपटून उडाली, घरंगळली आणि नैवेद्याच्या टेबलाखाली गेली.

"कुणी हात लावू नका," कुओसाहेब म्हणाले. "टेबलाखाली गेली तरी कौल तो कौल. मी बघतो." पण त्यांचे गुडघे वाकत नाहीत. ते टेबलाची कड धरून खाली व्हायचा प्रयत्न करत होते तोवर मी माझा एप्रन झटकला, खाली बसले आणि टेबलाचा लाल पडदा वर केला.

कोर तिथेच होती. फुगीर बाजू वर. स्पष्ट, स्वच्छ हो.

मी ती उचलली. आमच्या देवळात कौल पडलेली कोर अर्थ सांगायच्या आधी उचलणं म्हणजे देवाचा हात धरणं. मला ते ठाऊक होतं, आणि तरी माझा हात थांबला नाही.

"सपाट," मी म्हणाले. "दोन्ही सपाट. हसला देव."

कुओसाहेबांनी माझ्या हातातल्या कोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ज्या माणसाने माझी उदबत्तीची पेटी वीतभर पुढे आली तरी टोकलं आहे, तो माणूस बघत होता. मी नजर खाली घेतली नाही. आता हा ओरडणार, सगळ्यांसमोर मला बाहेर काढणार, आणि ती पोरगी तशीच मठाच्या बसमध्ये बसणार, असं मला वाटलं.

त्यांनी घसा खाकरला.

"हसला," कुओसाहेब म्हणाले. "प्रश्न निरर्थक आहे. आधीचे दोन्ही कौल रद्द. हा प्रश्न पुन्हा विचारता येणार नाही, आजही नाही आणि पुढेही नाही. घरी जा, बाळ." मग पाठ फिरवून ते दिव्यांमधलं तेल बघायला गेले. तेल कालच भरलं होतं.

पेई-शानने पुढ्यातली कोर उचलून जागेवर ठेवली. मग उठली, देवाला वाकली, आणि मी तिला वाघाच्या दारापर्यंत सोडायला गेले. मी विमानाची वेळ, हवा, असलं काहीबाही बोलत होते. उंबऱ्याशी ती थांबली.

"मावशी, मी गुडघ्यांवर होते," ती म्हणाली. "पडदा वर केलात तेव्हा मला तुमच्यापेक्षा नीट दिसलं."

म्हटलं, झालं, सगळं मातीत गेलं. वर हिच्यासमोर खोटारडी ठरले ते वेगळंच.

"तुम्ही देवासमोर खोटं बोललात. ते काकाही बोलले." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "माझ्यासाठी. माझ्या घरात एवढे लोक आहेत, मावशी. तुझा दोष नाही, असं खोटंसुद्धा कुणी म्हणालं नाही."

आणि ती रडली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, माझा एप्रन भिजेपर्यंत, त्या वाघाच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट अडवून. लोक बाजूने जात होते. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले, दुसरं काय करणार?

नंतर तिने नाक पुसलं आणि फोन लावला. "हान-हान, आई संध्याकाळी येतेय," ती म्हणाली. पलीकडून पोरीने काहीतरी विचारलं असावं. "हो, मीच भरवीन," पेई-शान म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला की मला भीतीच वाटली, आता हे हिला जमेल का. पण ती विमानतळाची मेट्रो धरायला स्टेशनच्या दिशेने चालू लागली. मठाची बस दुसऱ्या बाजूला सुटते.

ती घरी पोचली असेल. घरी ती सासू आहे, तो ताटाकडे बघणारा नवरा आहे. सासूला काय म्हणायचं ते ती रोज म्हणत असेल, आणि रोज हिला ते ऐकावं लागत असेल. तिसरा कौल काय होता हेही पेई-शानला ठाऊक आहे. माझ्या खोट्याने यातलं काही बदललं नाही.

कुओसाहेब त्या दिवसापासून माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त भांडतात, आणि त्या कौलाचं नाव कुणीच काढत नाही. दोघंही वाट बघतोय, देव कधी काय शिक्षा करतोय त्याची. परवा त्यांना जिन्यावर चक्कर आली तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही एकच गोष्ट समजलो.

काल गर्दी ओसरल्यावर मी देवापुढे उभी राहिले. उदबत्ती लावली नाही. म्हटलं, इतकी वर्षं तुझ्या दारात बसले, तू सांगितलंस ते लोकांना सांगितलं, कधी उलटून बोलले नाही. शिक्षा द्यायची असेल तर मला दे, त्या म्हाताऱ्याला कशाला छळतोस. पण त्या पोरीच्या बाबतीत तू चुकलास. तीनदा चुकलास.